कुत्रीला जर्मनीला न्यायचंय – चिप आधी की लस आधी? (आणि बाकीचे हजार प्रश्न)

बुंदीचा_बाप
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय (खरं बोललेलं बरं). मला श्टुटगार्टला नोकरी लागलीय, १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. आमच्याकडे बुंदी आहे, साडेचार वर्षांची देशी कुत्री, १७ किलो, सिंहगड रोडवर एका टपरीखाली सापडली होती. तिला सोडून जायचा प्रश्नच नाही, बायकोने आधीच सांगितलंय की बुंदी नाही तर मी पण नाही.

तिची रेबीजची लस दरवर्षी होते, यंदाची मे महिन्यात झालीय, कार्डावर शिक्का-स्टिकर सगळं व्यवस्थित आहे. कातडीखाली बसवतात ती ओळखीची मायक्रोचिप मात्र नाही. आमचे डॉक्टर म्हणाले चिप काय, दहा मिनिटांचं काम, जायच्या आठवड्यात बसवू. मग रक्ताची काहीतरी टेस्ट असते म्हणे. ऑक्टोबरला अजून अडीच महिने आहेत म्हणजे आरामात होईल ना? कोणी नेलं असेल तर अनुभव सांगा. प्राणी परदेशी पाठवणाऱ्या एजंटने खर्चाचा जो आकडा सांगितला त्यात माझं लग्न दोनदा झालं असतं.

तिरपा_तारा
दोनदा केलंत तर बुंदीला कोण सांभाळणार? हलके घ्या.

हॅम्बुर्गकर_हेमंत
बुंदीचे बाबा, खुर्चीत बसून वाचा. ऑक्टोबरला बुंदी येत नाही.

सांगतो का ते. युरोपियन युनियनचा हिशोब असा आहे की आधी चिप, मग लस. चिप बसायच्या आधी दिलेली लस त्यांच्या लेखी दिलेलीच नाही, कारण ती लस याच कुत्र्याला दिली याचा पुरावा काय? म्हणजे तुमची मे महिन्याची लस गेली पाण्यात. आता चिप बसवायची, त्याच दिवशी किंवा नंतर परत लस द्यायची, तिथून किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये पाठवायचं, अँटिबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला हवी, आणि मग रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, यात लोक गोंधळतात. भारत त्यांच्या 'यादीबाहेरच्या' देशांत येतो म्हणून हे सगळं. अमेरिकेहून किंवा जपानहून आणलं असतंत तर चिप, लस, २१ दिवस, संपलं.

एकूण चार महिने. उद्या सुरू केलंत तरी नोव्हेंबरचा मध्य उजाडेल. मी २०१९ ला हीच चूक करून बसलोय म्हणून पोटतिडकीने लिहितोय. चिप १५ आकडी आयएसओवालीच घ्या आणि बसवल्यावर स्कॅनरने वाचून बघा, आकडा स्वतः कार्डाशी ताडून पाहा. आमच्या कार्डावर डॉक्टरांनी एक आकडा गाळला होता.

बुंदीचा_बाप
बसलो खुर्चीत. बायकोला अजून सांगितलं नाहीये.

कोथरूडची_काकू
माझ्या मेल्या नवऱ्याला व्हिसा तीन आठवड्यात मिळाला होता आणि त्याच्या रक्तात काय आहे ते कोणी विचारलं सुद्धा नाही.

(नवरा जिवंत आहे, मेल्या हे प्रेमाने.)

माणदेशी_पशुवैद्य
मी स्वतः पशुवैद्य आहे, गाई-म्हशी जास्त बघतो पण पुण्यात सहा वर्षं कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस केलीय. हेमंत यांनी लिहिलंय ते बरोबर. फक्त ते तीन महिने कशाला ते सांगतो, कारण लोकांना वाटतं साहेबी माज आहे. अँटिबॉडी दिसली याचा अर्थ लस लागू पडली. पण समजा कुत्र्याला लसीच्या आधीच पिसाळलेलं जनावर चावलेलं असेल आणि विषाणू हळूहळू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला येऊनही ते जनावर पुढे आजारी पडू शकतं. रेबीजचा हा आतला काळ आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत असतो. म्हणून थांबायचं. लक्षणं दिसल्यावर उपाय नाही हो या रोगाला, माणसाला नाही की जनावराला नाही, त्यामुळे जे देश मोकळे झालेत ते असे वागतात यात मला काही गैर वाटत नाही.

आता कामाचं. एकच लस देऊन ३० दिवसांनी रक्त काढलं तर काही कुत्री ०.५ च्या खाली अडकतात, विशेषतः पहिल्यांदाच लस घेतलेली पिल्लं. बुंदीला दरवर्षी मिळालीय म्हणता, मग तिला अडचण येऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदा टायटर (म्हणजे हीच अँटिबॉडी मोजायची रक्ताची टेस्ट) पास झाला की युरोपसाठी तो आयुष्यभर चालतो, अट एकच, पुढचा बूस्टर आधीच्याची मुदत संपायच्या आत द्यायचा. एक दिवस उशीर झाला की पाटी कोरी, पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. मोबाईलवर रिमाइंडर लावा, एक नाही तीन लावा.

तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका फार. आमच्या शिक्षणात रोग असतो, जर्मनीचा फॉर्म नसतो.

गोंयकार_पेडणें
आमच्या गोव्यात २०१७ नंतर काही वर्षं रेबीजने एकही माणूस गेला नाही, २०२१ ला सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर पण केलंय. गल्लीगल्लीत जाळी घेऊन मिशन रेबीज या संस्थेची पोरं भटक्या कुत्र्यांना लस टोचत फिरतात. तरी पण माझ्या बहिणीला पोर्तुगालला कुत्रा नेताना हीच चार महिन्यांची वरात काढावी लागली. त्यांचं म्हणणं यादी देशाची असते, राज्याची नाही. आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट चटकन मिळतो, कुत्र्याला नाही, काय बोलणार.

तिरपा_तारा
पेडणेंकर, कुत्र्याचे आजोबा १९६१ च्या आधी जन्मले होते हे दाखवा की.

गोंयकार_पेडणें
😂 नोंदणी शोधतो चर्चच्या वहीत

नखरेल_मांजर
मी दोन मांजरी घेऊन न्यू जर्सीला आले २०२३ मध्ये. सगळे घाबरवत होते, मी फाईल केवढी केली होती, लसीची कार्डं, हेल्थ सर्टिफिकेट, फोटो, आणि तिथला ऑफिसर 'मांजरं का? बरं' म्हणून पुढे. मांजरांना अमेरिकेत केंद्र पातळीवर रेबीजच्या लसीचा पुरावा सुद्धा लागत नाही, फक्त दिसायला धडधाकट पाहिजेत. राज्यांचे आणि एअरलाईनचे नियम वेगळे, ते बघायचे. तेव्हा बुंदीच्या बाबांनी पुढच्या वेळी मांजर पाळावं.

वाघ्याची_आई_डॅलस
@नखरेल_मांजर मांजरांचं राज्यच आहे गं. कुत्र्यांचं उलट आहे. कोणी अमेरिकेला नेणार असेल तर लिहून ठेवते. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे (तिथली रोगनियंत्रण संस्था) नवे नियम आहेत. कुत्रा कमीत कमी सहा महिन्यांचा पाहिजे, चिप पाहिजे, ऑनलाईन फॉर्म भरून पावती घ्यायची. भारत रेबीजसाठी हाय रिस्क, त्यामुळे भारतात लस दिलेल्या कुत्र्याला वेगळं सर्टिफिकेट, ज्यावर सरकारी पशुवैद्याची सही लागते, शिवाय सीडीसीने मान्य केलेल्या लॅबचा टायटर, आणि उतरायचं ते पण फक्त मोजक्या विमानतळांवर जिथे त्यांचं नोंदणी केलेलं अॅनिमल केअर सेंटर आहे, आणि तिथे आधी बुकिंग. टायटर नसेल तर २८ दिवस तिथेच क्वारंटाईन, तुमच्या खर्चाने. आम्हाला डॅलसला यायचं होतं, उतरलो न्यूयॉर्कला, तिथून दोन दिवस गाडी चालवत आलो, तिघं जण आणि मागे वाघ्या. नवरा आणि मी एकमेकांशी टेनेसीपर्यंत बोलत नव्हतो.

एक मात्र बरं, टायटर नीट असेल तर युरोपसारखे तीन महिने नाहीत, रक्त काढल्यापासून २८ दिवस झाले की चालतं.

आणि २०२१ ला तर भारतासकट शंभरावर देशांतून कुत्री आणणंच बंद केलं होतं त्यांनी, तेव्हा आमच्या ओळखीत एकीने कुत्रा दीड वर्ष नाशिकला बहिणीकडे ठेवला. आता बहीण परत देत नाही.

मध्यरात्रीचा_चहा
कोणी राग मानू नका पण प्रामाणिक प्रश्न आहे. साडेचार वर्षं टपरीखाली, मोकळ्या हवेत, पाच मित्रांबरोबर वाढलेल्या कुत्रीला दहा तास पेटीत कोंडून विमानाच्या पोटात टाकायचं आणि मग थंडीत फ्लॅटमध्ये ठेवायचं, हे तिच्यासाठी की आपल्यासाठी? इथेच कोणा चांगल्या घरी देणं जास्त माया नाही का? आमचा टायगर आम्ही दुबईला जाताना मामाकडे सासवडला ठेवला, शेतात मजेत होता शेवटपर्यंत.

बुंदीचा_बाप
टपरीखाली सापडली ती दीड महिन्याची असताना हो. तेव्हापासून ती आमच्या पलंगावर झोपते, मी खाली.

कोथरूडची_काकू
मध्यरात्रीचा चहा, तुमचा टायगर मजेत होता हे मामा सांगायचे की टायगर?

मध्यरात्रीचा_चहा
मामा. पण काकू तुम्ही वकील आहात का?

कोथरूडची_काकू
निवृत्त शिक्षिका. त्याहून वाईट.

लंडनची_लेक
इथे ब्रिटनचं कोणी लिहिलं नाही म्हणून. चिप, लस, ३० दिवस, टायटर, तीन महिने हे युरोपसारखंच. पण दोन जास्तीच्या गोष्टी. एक, विमानाने आणायचं तर कुत्रा 'मॅनिफेस्ट कार्गो' म्हणूनच येतो, केबिन नाही, तुमच्या सामानात पण नाही, आणि त्याचं बिल बघून मला चक्कर आली. दोन, कुत्र्याला पट्टकृमीचं औषध पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरने द्यायचं आणि तारीख-वेळ लिहून शिक्का मारायचा. मांजरांना हे नाही (परत मांजरं जिंकली). माझ्या मैत्रिणीचं विमान १९ तास लेट झालं तेव्हा ती विमानतळावर बसून बोटांवर तास मोजत होती.

म्हणून बरेच लोक आधी पॅरिस किंवा अॅमस्टरडॅमला उतरतात आणि तिथून गाडीने समुद्राखालच्या बोगद्यातून किंवा फेरीने येतात. मी हॉलंडच्या बंदरातून रात्रीची फेरी घेतली, कुत्र्यासकट झोपायची केबिन मिळते. ते समुद्रावरचे सात तास आमचा शेरू जागा होता आणि मी पण.

इथले जुने लोक सांगतात २००० सालापर्यंत सरसकट सहा महिने क्वारंटाईन होता, कुत्र्याला भेटायला ठरलेल्या दिवशी जायचं. त्यामानाने आपण सुखी.

सिडनीचा_सदा
सुखी म्हणे. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट आणताच येत नाही, भारत मान्य देशांत नाहीच. आधी तिसऱ्या देशात कुत्रा न्यायचा, तिथे महिनोनमहिने ठेवायचा, तिथल्या सरकारचे कागद घ्यायचे, मग मेलबर्नजवळ मिकलहॅमला सरकारी क्वारंटाईन. आमचा सोन्या आई-बाबांकडेच राहिला मिरजेला. व्हिडिओ कॉलवर माझा आवाज ऐकला की टीव्हीच्या मागे जाऊन मला शोधायचा. हे लिहिताना पण कसंतरी होतंय.

नियम कडक आहेत हे मात्र सगळ्यांना सारखे. हॉलिवूडच्या जॉनी डेपची दोन कुत्री २०१५ ला खाजगी विमानातून न सांगता आली होती, तर इथल्या कृषिमंत्र्याने टीव्हीवर सांगितलं की पन्नास तासांत परत न्या नाहीतर मारून टाकावी लागतील. गेली परत. डेपच्या बायकोला कोर्टात उभं राहावं लागलं खोटा फॉर्म भरला म्हणून.

ओसाकावाला
सदाभाऊ 🙏

जपान पण ऐकून घ्या. चिप, मग दोन लसी महिन्याच्या अंतराने, मग टायटर, मग रक्त घेतल्यापासून १८० दिवस वाट. आणि येण्याच्या किमान ४० दिवस आधी त्यांना कळवायचं. कागद एक जरी कमी पडला तर उरलेले दिवस कुत्रा त्यांच्याकडे अडकतो, जास्तीत जास्त १८० दिवस. पण सगळं बरोबर असलं तर विमानतळावर काही तासांत मोकळे. आमच्या काजूला अर्धा तास लागला. अधिकाऱ्याने काजूला वाकून नमस्कार केला, काजूने त्याचा बूट हुंगला.

लोणावळ्याची_चिक्की
पेटीबद्दल कोणी सांगेल का? आमचा २२ किलोचा आहे, कॅनडाला न्यायचाय. कॅनडाला टायटर लागत नाही ना?

वाघ्याची_आई_डॅलस
@चिक्की स्वतःचा पाळीव असेल तर रेबीजचं सर्टिफिकेट पुरतं, टायटर नाही. मात्र विकायला, दत्तक द्यायला म्हणून नेताय असं दिसलं तर २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून बंद आहे. त्यामुळे मालक बरोबर असलेला बरा, मित्राच्या मित्राबरोबर पाठवू नका.

पेटी: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाची जमिनीपासून कोपरापर्यंतची निम्मी उंची मिळवा, ही पेटीची आतली लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट, ती पेटीची रुंदी. उभं राहिल्यावर डोकं किंवा कान जे वर असेल तिथपर्यंत उंची. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. चाकं असतील तर काढून टाका, दोन्ही अर्ध्या भागांना लोखंडी नट-बोल्ट लावा, प्लॅस्टिकच्या चिमट्यांवर काही एअरलाईन पेटी नाकारतात. पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं आणि बाहेरून भरता येईल असं.

पेटी दोन महिने आधी आणून घरात ठेवा. वाघ्या पहिले आठ दिवस त्याकडे बघून गुरगुरत होता, मग मी त्यात माझी जुनी साडी टाकली, नवव्या दिवशी आत जाऊन घोरत पडला.

नखरेल_मांजर
आणि झोपेचं औषध देऊ नका कोणी. आमच्या ओळखीच्यांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दिलं, काउंटरवर एअरलाईनने कुत्रा गुंगीत दिसला म्हणून घेतलाच नाही.

माणदेशी_पशुवैद्य
+१. वर हवेत रक्तदाब, श्वास यांच्यावर परिणाम होतो, लक्ष ठेवायला कोणी नसतं. आणि पग, बुलडॉग, पर्शियन असली चपट्या नाकाची मंडळी असतील तर आधी एअरलाईनला विचारा, बऱ्याच कंपन्या त्यांना पोटात घेतच नाहीत. एरवी सुद्धा त्यांना श्वास पुरत नाही, तणाव आणि उकाड्यात फार लवकर गुदमरतात. मुंबईच्या मे महिन्यात तर विचारही करू नका.

बुंदीचा_बाप
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. बायकोला सांगितलं. एक दिवस घरात शांतता होती. मग ठरलं असं की मी एकटा ऑक्टोबरला जाणार, ती नोव्हेंबरपर्यंत थांबून बुंदीला घेऊन येणार. काल चिप बसवली (स्कॅन करून १५ आकडे तीनदा वाचले, हेमंतदादा), लगेच लस पण. ती ओरडली नाही, मी ओरडलो.

आता एक नवी अडचण: बायकोला पण दिवाळीनंतर लगेच नव्या नोकरीत जायचं निघालं. एजंट म्हणतो तुम्ही दोघं जा, आम्ही कुत्रा मागून पाठवतो.

हॅम्बुर्गकर_हेमंत
थांबा. युरोपात मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत कुत्रा आला तरच ती 'बिनव्यापारी' हालचाल. त्याहून उशिरा आला तर व्यापारी आयातीचे नियम लागतात, वेगळं सर्टिफिकेट, वेगळी तपासणी, वेगळा खर्च. एजंटला हे माहीत असतं, तुम्हाला सांगत नाहीत. सरळ उपाय म्हणजे तुमच्यापैकी एकाने नोव्हेंबरअखेर भारतात जाऊन तिला घेऊन यायचं. तिकिटाचे पैसे एजंटच्या निम्म्यात बसतील.

बुंदीचा_बाप
मग मधले दोन आठवडे बुंदी वाईला अण्णांकडे. माझे वडील. ज्यांनी २०२१ पासून 'कुत्रं दारात चालेल, उंबऱ्यात नाही' असा कायदा केलाय.

कोथरूडची_काकू
अण्णांवर लक्ष ठेवा. असेच लोक लवकर पडतात.

पुनश्च_पुणे
उलटा अनुभव पण नोंदवतो, कोणाला उपयोग होईल. आम्ही सात वर्षांनी नेदरलँड्सहून परत आलो कुत्र्यासकट. भारतात आणताना दोन वर्षं बाहेर राहून कायमचे परत येताय तर सामान म्हणून दोन पाळीव प्राणी आणता येतात, इथल्या पशु-क्वारंटाईन ऑफिसची एनओसी आधी काढायची. तसं नसेल तर लायसन्सचं झेंगट.

आणि युरोपातून सुट्टीसाठी भारतात कुत्रा आणणाऱ्यांनी निघायच्या आधी तिथेच टायटर करून पेट पासपोर्टवर नोंद करून घ्या, म्हणजे परत जाताना तीन महिने थांबावं लागत नाही. विसरलात तर कुत्रा इथे आणि तुम्ही तिथे.

तिरपा_तारा
अवांतर: जर्मनीत कुत्र्यावर कर असतो त्याला 'हुंडेस्टॉयर' म्हणतात. हुंड म्हणजे कुत्रा. म्हणजे बुंदी सासरी जाताना हुंडा द्यावा लागणार.

हॅम्बुर्गकर_हेमंत
😂😂 दर वर्षी द्यावा लागतो, सासर लोभी आहे. कर गावागणिक वेगळा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. नगरपालिकेत नोंदणी करून बिल्ला घ्यायचा. आणि जातीचं नीट लिहा, पिटबुल, बुल टेरियर वगैरे चार जाती आणायला जर्मनीत बंदी आहे. देशीसाठी 'मिश्र' लिहा. मोठ्या डोक्याची असेल तर फोटो बरोबर ठेवा.

बुंदीचा_बाप
अपडेट (धागा वर काढतोय, डिसेंबर आहे)

बुंदी श्टुटगार्टमध्ये आहे. आत्ता हीटरला पाठ लावून झोपलीय.

थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो. टायटर ४ च्या वर आला, १६ ऑगस्टला रक्त, १६ नोव्हेंबरला तीन महिने पूर्ण. मी २४ ला पुण्याला. खरी धावपळ शेवटच्या दहा दिवसांत, कारण ते सरकारी हेल्थ सर्टिफिकेट सहीपासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोचायला लागतं, त्यामुळे आधी काढून ठेवता येत नाही. जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतलं लागतं. आमच्या डॉक्टरांनी भरलं, मग मुंबईला क्वारंटाईन ऑफिसला बुंदीला घेऊन गेलो, तिथे त्यांनी बघितलं. जी वाक्यं लागू नाहीत ती खोडायची असतात आणि प्रत्येक खोडीशेजारी सही-शिक्का, ते एका ठिकाणी राहिलं होतं, ते तिथल्या मॅडमनीच पकडलं म्हणून वाचलो, नाहीतर परत दुसऱ्या दिवशी. चांगली वागली माणसं, हे मुद्दाम लिहितो.

फ्रँकफर्टला उतरून लाल मार्गाने कस्टम्सकडे गेलो. माझ्या हातात साडेतीनशे ग्रॅमची फाईल. तिथल्या ऑफिसरने चिप स्कॅन केली, आकडा जुळवला, टायटरची तारीख बघितली, लस बघितली, 'शोन' (छान) म्हणाला, झालं. चार महिने आणि चार मिनिटं.

पेटीतून बाहेर आल्यावर तिने आधी अंग झाडलं आणि मग विमानतळासमोरच्या एका झाडाखाली जे काही केलं ते बराच वेळ चाललं. पिशवी माझ्याकडे होती. मी जर्मन झालोय.

अण्णांचं राहिलं. दोन आठवड्यांसाठी ठेवली होती. चौथ्या दिवशी आईने फोटो पाठवला, अण्णा आरामखुर्चीत आणि बुंदी त्यांच्या पायावर डोकं ठेवून, उंबऱ्याच्या आत. निघताना अण्णा पेटीचे बोल्ट तीन वेळा पान्याने घट्ट करत होते, बोलत काहीच नव्हते. आता रोज संध्याकाळी वाईहून फोन येतो, माझी चौकशी शेवटी.

कोथरूडची_काकू
म्हटलं नव्हतं?

सिडनीचा_सदा
वाचून बरं वाटलं रे. बुंदीला माझ्याकडून एक चापटी, हळू.

हॅम्बुर्गकर_हेमंत
अभिनंदन! आता पुढच्या लसीची तारीख लिही भिंतीवर. माणदेशी डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना, एक दिवस.

बुंदीचा_बाप
तीन रिमाइंडर लावलेत. चौथा अण्णा.

नवा_सदस्य_७
छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, पोपट नेता येतो का हो? आपला साधा हिरवा, लाल चोचीचा. मिठू.

माणदेशी_पशुवैद्य
अहो न्यायचं सोडा, आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे इथे असं लिहू नका.

नवा_सदस्य_७
शेजाऱ्यांचा आहे. सहज विचारलं.